पन्नास रुपयांची मनिऑर्डर

नोव्हेंबर २०२२. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. आमचं गाव राजापूर तालुक्यात, आणि गावाच्या वर सडा, म्हणजे उघडं कातळपठार. सड्यावर जांभ्याच्या चिरेखाणी. दिवाळी सरली की विजापूर-बागलकोटकडची कुटुंबं टेंपोत सामान टाकून येतात, खाणीच्या कडेला पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या खोपी उभ्या करतात आणि मे अखेरीस, मृगाच्या आधी परत जातात. अडतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं, पण त्या खोपींपाशी कधी उतरले नव्हते. एसटीच्या खिडकीतून लाल धुळीत बसलेली पोरं दिसायची, तेवढंच.

अंगणवाडीताईंना खाणीवरच्या मुलांची वजनं घ्यायची होती आणि मदतनीस आजारी होती, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. वजनकाटा त्यांनी घेतला, दंडघेराची पट्टी माझ्या हातात दिली. मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये मोजायचा. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना हे माप लागू. साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. पिवळ्या झबल्यातल्या एका मुलीच्या दंडाभोवती मी पट्टी ओढली आणि ती १०.९ वर थांबली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. परत मोजलं. तेवढंच. माझा अंगठा आणि तर्जनी यांच्या वेढ्यात तिचा दंड मावून वर जागा उरत होती.

तिची आई म्हणाली, ती गेल्या वर्षी गणपतीत झाली. म्हणजे चौदा महिन्यांची. वजन सहा किलो शंभर ग्रॅम. या वयाची मुलगी नऊ किलोच्या पुढे असायला हवी. मूल रडत नव्हतं, हातपाय झाडत नव्हतं, पट्टीकडे बघतही नव्हतं. मला त्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्यानं लगेच २,००० रुपये पाठवले. मी बाजारातून बिस्किटांचे पुडे आणि केळी आणली, दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना वाटली, भाच्याला फोटो पाठवला. आठ दिवसांनी अंगणवाडीताई म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. बिस्किटानं पोट भरलं की पोरं डाळभात शिवत नाहीत." पिवळ्या झबल्यातल्या मुलीला तोवर जुलाब सुरू झाले होते. ते बिस्किटांनी नव्हे, पाण्यानं. पण माझ्या दोन हजारांनी तिच्या वजनात एक ग्रॅमचीही भर पडली नव्हती, हे खरं होतं.

मग मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांना सरळ विचारलं, कशाला पैसे घालावेत? त्यांनी सरकारकडून काय काय फुकट मिळतं ते सांगायला सुरुवात केली आणि मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत गेले. लसी. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस, एकूण नऊ. रक्तवाढीचं लोहाचं औषध. जंताच्या गोळ्या. ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या. अंगणवाडीचा आहार. लाल पट्टीतल्या मुलाला रुग्णालयात खाट आणि त्याच्याबरोबर आईलाही जेवण. मी म्हटलं, "मग राहिलं काय?" त्या म्हणाल्या, "औषध माझ्या कपाटात आहे, बाई. ते पोराच्या पोटात जाईपर्यंत मधे जे लागतं, ते माझ्याकडे नाही."

त्या 'मधे'चा अर्थ मला पुढच्या चार दिवसांत कळला. मुलीला रत्नागिरीला भरती करायचं ठरलं. आई तयार होईना. खाणीवर नवरा-बायको जोडीनं काम करतात आणि गावाहून निघतानाच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती गेली की जोडी मोडली, रोज बुडाला, उचल तशीच राहिली. बुडीत मजुरी मिळते, पण ती खात्यात आणि मागाहून. तिच्याकडे खातंच नव्हतं. थोरली मुलगी आठेक वर्षांची, तिला खोपीत कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आणि नवऱ्याला रांधून कोण घालणार? मूल मरेल म्हणून तिला कितीही घाबरवलं असतं तरी या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली नसती. ती अडाणी नव्हती. तिनं हिशोब केला होता आणि तो बरोबर होता.

थोरली माझ्या घरी राहिली. नवऱ्याला पंधरा दिवसांचे तांदूळ, डाळ, तेल, कांदे-बटाटे भरून दिले. दोघींचं रिक्षाचं आणि एसटीचं भाडं, तिथे साबण, एक चादर, वरखर्चाला थोडे पैसे. मुकादमाशी आमच्या आशाताई, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविका, बोलल्या. मी शेजारी उभी होते आणि त्याचा पुतण्या माझा विद्यार्थी निघाला, त्याचाही उपयोग झाला. सगळे मिळून २,३०० रुपये लागले. त्यात औषधाचा एक पैसाही नव्हता.

मी दोनदा भेटायला गेले. पहिल्या खेपेला आई चिडलेली होती. पोर हाडांचा सापळा झालंय आणि हे लोक दूध मोजून मोजून, दोन-दोन तासांनी थोडं थोडं देतात, पोटभर का देत नाहीत? सिस्टरनं तिला समजावलं ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. इतक्या उपाशी शरीराचं काळीज, यकृत, सगळंच मंदावलेलं असतं. एकदम भरपूर खायला घातलं तर तेच जिवावर बेततं. आधी अंग गरम ठेवायचं, साखर उतरू द्यायची नाही, जंतुसंसर्गावर औषध द्यायचं, पातळ दूध थोडं थोडं पाजायचं. भूक परतली की मग दाट दूध. गावात आपण अशक्त पोराला तूपभात कोंबतो, ते मला आठवलं.

दुसऱ्या खेपेला गेले तर मुलगी भोकाड पसरून रडत होती आणि वाटी भिरकावत होती. सिस्टर खूश. म्हणाल्या, चिडायला लागली म्हणजे बरी होतेय. पंधराव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा वजन सहा किलो आठशे. सातशे ग्रॅम. थोरलीनं तिला उचलून घेतलं आणि म्हणाली, "जड झाली."

आता ती जड राहायला हवी होती. त्या खाणीवर पाच वर्षांखालची अठरा मुलं होती. लाल ही एकच, पण पिवळी पाच. पिवळ्याची लाल व्हायला एक जुलाबाची साथ पुरते.

आमच्या शाळेतून १९८८ साली सातवी झालेल्या मुलांचा एक ग्रुप आहे, त्यात मलाही घेतलंय. सगळे आता पंचेचाळिशीच्या पुढचे. दिवा, नालासोपारा, विरार, डोंबिवली. कुणी रिक्षा चालवतो, कुणी शिपाई, एक नर्स, एक बँकेत. मी लिहिलं, दर महिन्याला पन्नास रुपये द्या, जास्त नको. बँकेतला लगेच म्हणाला, "बाई, मी एकदमच पाच हजार देतो, कटकट नको." मी नाही म्हटलं आणि त्याला मनिऑर्डरची आठवण करून दिली.

ज्यांना कोकण माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमची घरं मनिऑर्डरवर चालायची. बाप गिरणीत, आई गावात, आणि महिन्याच्या दहा तारखेच्या सुमाराला पोस्टमन. रक्कम मोठी नसायची, पण ती येणार हे ठाऊक असायचं, म्हणून वाणी उधार द्यायचा, म्हणून चुलीवर भात शिजायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. मला नोकरीला लागून एकच वर्ष झालं होतं आणि माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. त्या पावसाळ्यात मी माझ्या डोळ्यांसमोर पोरं वाळताना बघितली. खरूज, खोकला, गैरहजेरी. भाताच्या जागी पेज, आणि पेजेत शितं मोजून घ्यावीत इतकी. संप लागला तेव्हा पहिलीत होती ती हीच मुलं, जी आता ग्रुपवर आहेत. दिव्याच्या रिक्षावाल्यानं रात्री उशिरा लिहिलं, "आयनं त्या साली पेजेवर वाढवलंन मला. माझे पन्नास धरा." आठवड्याभरात एकेचाळीस जण झाले. बँकेतलाही पन्नासवरच आला.

महिन्याला २,०५०. त्यातून आठवड्याला अंड्यांचे दोन ट्रे, म्हणजे साठ अंडी. अंडं खाणाऱ्या मुलांना आठवड्यातून तीनदा एकेक, उरलेली एका गरोदर बाईला. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, कवच काढल्यावरच अंडं उघडं पडतं, त्यामुळे भेसळ नाही, घाण हात लागण्याची भीती कमी. अंडी मी कच्ची घरोघर वाटली नाहीत. कच्ची दिली की रात्री कालवण होतं आणि ते आधी कामावरून आलेल्या माणसाच्या ताटात जातं. दिवसभर चिरे उचललेल्या माणसाला त्यात दोष देता येत नाही. म्हणून खाणीवरच एका मोठ्या टोपात उकडायची, आपल्यासमोर सोलायची, समोर खायची. लहानग्यांना भातात कुस्करून. दोन घरं अंडं न खाणारी होती, त्यांच्यासाठी नाचणीचं पीठ, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ यांचे लाडू. कूट अगदी बारीक, कारण अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनळीत अडकतो.

अंगणवाडी खाणीपासून तीन किलोमीटर. एवढं अंतर चालून ही पोरं कधी येणार नव्हती. याच किनाऱ्यावर, उत्तरेला बोर्डी आणि पुढे कोसबाड इथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दच तिथला. डीएड करताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. टोप डोक्यावर घेऊन सडा चढताना ते मला समजलं.

जानेवारीच्या शेवटी पेपरात बातमी होती, दिलीप महालनाबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपलं, तेव्हा या डॉक्टरांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून, म्हणजे ओआरएसच, पिंपातून लोकांना प्यायला दिलं. शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, ते चारच्या खाली आले. मी ती बातमी कापून ठेवली.

पंधरा दिवसांत तिची गरज पडली. फेब्रुवारीत टाकीतलं पाणी पुरेनासं झालं आणि बायका जुन्या खाणीतल्या डबऱ्याचं पाणी आणायला लागल्या. तीन मुलांना एकाच वेळी जुलाब. आशाताईंनी ओआरएस दिलं होतं. मी गेले तेव्हा एक आई अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून पोराला पाजत होती. पाकिटावर लिहिलेलं असतं, एक लिटर पाण्यात. तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचता आलं असतं तरी लिटर मोजायचं कशानं? खोपीत एक हंडा, दोन पेले, एक टोप. इतकं दाट द्रावण मुलाला उलट घातक. अंगातलं मीठ वाढतं. औषध फुकट होतं, पोचलंही होतं, आणि भांड्यापाशी येऊन अडकलं होतं.

मी ग्रुपवर लिहिलं. त्या महिन्यात अंड्यांचे पैसे तसेच ठेवून वेगळे ८०० जमले. प्रत्येक खोपीसाठी एक लिटरची बाटली, गळ्याजवळ नेलपॉलिशची लाल रेघ ओढलेली. या रेघेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी, त्यात पाकीट पूर्ण, आणि उरलेलं चोवीस तासांनी फेकायचं. शिवाय झाकणाची बादली आणि लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे पिण्याच्या पाण्यात हात बुडणार नाही. क्लोरीनचे थेंब आरोग्य केंद्रातून मिळाले. पुढच्या तीन महिन्यांत जुलाब थांबले नाहीत, पण एकाही मुलाला सलाईन लावावं लागलं नाही.

झिंकचं वेगळंच. ती गोळी चौदा दिवस द्यायची असते. पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागण्याचं प्रमाण तिच्यानं कमी होतं. पण तिसऱ्या दिवशी पोट थांबलं की आया गोळी बंद करतात. यावर उपाय थोरलीनं काढला, ती माझ्याकडे पंधरा दिवस राहिलेली. तिनं प्रत्येक आजारी पोराच्या खोपीच्या पत्र्यावर कोळशानं चौदा रेघा ओढल्या आणि रोज सकाळी एक एक पुसत गेली. याला एक रुपयाही लागला नाही.

चपलांबद्दल मात्र मला तितकं समाधान नाही. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी तळव्यात शिरते, आतड्यात जाऊन रक्त पिते, मूल पांढरंफटक पडतं. म्हणून जंताची गोळी दिली त्याच आठवड्यात बावीस जोड आणले. दोन वर्षांपुढच्यांना पूर्ण गोळी, तिसऱ्या वर्षापर्यंत चुरा करून आणि त्यापुढे चावून; एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी, चुरा करून. ते काम नीट झालं. चपला एप्रिलपर्यंत अर्ध्या हरवल्या. आणि शौचाला सगळे खोपींच्या मागेच बसत होते, माती पुन्हा पुन्हा तीच. आधी संडास हवा होता. तो पन्नास-पन्नास रुपयांनी होत नाही. तो खाणमालकाचा खर्च आहे, तसंच पाण्याचंही. मी आणि आशाताई मालकाकडे तीन वेळा गेलो. पाण्याची दुसरी टाकी त्यानं मार्चमध्ये बसवली. संडासासाठी पुढच्या हंगामाचा शब्द दिला. ते पैसे मी चपलांवर घालायला नको होते, त्यात आणखी दोन महिने अंडी आली असती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात काजू-आंब्याची गडबड संपत आली आणि खोपी उतरायला लागल्या. वजनांची वही घेऊन मी बसले. पाच पिवळ्यांतली चार हिरवी झाली होती. पिवळ्या झबल्यातली आठ किलो दोनशे, दंड १२.४. अजून पिवळीच, पण चालायला लागलेली. आता पाच महिने ही मुलं माझ्या नजरेआड जाणार होती. डॉक्टरांना विचारलं, आता काय देऊ? त्या म्हणाल्या, कार्ड देऊन पाठवा. माता-बाल संरक्षण कार्ड. लसी, वजनं, डोस, सगळं त्याच्यावर असतं. पण ही कार्डं खोपीत पावसानं भिजतात, उंदीर कुरतडतात, आणि पुढच्या गावात पुन्हा कोरं कार्ड निघतं. मी अठरा प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या आणल्या, चेन असलेल्या, दहा रुपयांच्या. प्रत्येकीत कार्ड, ओआरएसची दोन पाकिटं आणि आशाताईंचा नंबर लिहिलेला कागद.

पावसाळ्यात ग्रुपनं पन्नास रुपये थांबवले नाहीत. मीच म्हटलं होतं, मुलं नाहीत तर नका पाठवू. रिक्षावाला म्हणाला, "मनिऑर्डर कधी पावसात बंद पडायची काय?" ते पैसे साठवले, त्यातून पुढच्या हंगामाच्या बादल्या आल्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये टेंपो आले. अठरापैकी सात मुलं आली. बाकीची कुटुंबं कुठे गेली ते मुकादमालाही सांगता आलं नाही. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर. मी वहीत त्या अकरा ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. नवी मुलं दहा, त्यांत दोन लाल. संडास दोन झाले होते, पत्र्याचे.

पिवळ्या झबल्यातलीची आई खोपीचं सामान लावत होती. मला बघून तिनं ट्रंकेतून पिशवी काढली. चेन तुटली होती, वर दोरी गुंडाळलेली. कार्ड कोरडं होतं. पट्टी लावली, १३.१. मग कार्ड उघडलं तर एका चौकोनात नवा शिक्का, कानडी अक्षरांत, आणि खाली निळ्या शाईत सही. मला एक अक्षर लागेना. थोरली पुढे आली. ती गावी कानडी शाळेत तीन महिने बसली होती. तिनं बोट ठेवून एक एक अक्षर लावलं आणि मला तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं. जुलै महिना, गावचं आरोग्य केंद्र, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस.

आशाताईंनी पेन मागितलं आणि तारीख आपल्या वहीत उतरवून घेतली.